सांदण दरी: आदल्या रात्री गाडी कुठे लावायची, तंबू कुठे टाकायचा?

मैत्रेयी_डों
१८ नोव्हेंबर, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. १३-१४ डिसेंबरच्या शनिवार-रविवारी सांदण दरीला जायचं घाटतंय. आम्ही घरचेच सहा जण, मी, नवरा, दीर-जाऊ, त्यांची चौदा वर्षांची मुलगी आणि सासरे. सासरे चौसष्ट वर्षांचे आहेत पण चालायला पक्के, गेल्या वर्षी कळसूबाई केलंय त्यांनी. डोंबिवलीहून दोन गाड्या काढणार, एक आमची हॅचबॅक आणि एक दिरांची सात सीटर.

दरीबद्दल खूप वाचलं, व्हिडिओही पाहिले, पण सगळे जण एकदम दरीच्या तोंडापासून सुरुवात करतात. आदल्या रात्रीचं कोणी नीट लिहीतच नाही. म्हणजे गाडी नक्की कुठे लावायची, गावात की दरीजवळ जाता येतं, रात्रभर गाडी तिथे ठेवली तर ठीक आहे का, तंबू कुठे टाकू देतात, पाणी मिळतं का. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघून रात्री अकरा-बारापर्यंत पोचायचं असा नवऱ्याचा विचार आहे, मला तो फारसा पटलेला नाही म्हणून विचारतेय. आणि दरी पूर्ण उतरून खाली कोकणात डेहणे गावाला निघालो तर गाडीचं काय करायचं?

रानोमाळ
१८ नोव्हेंबर, रात्री ११.०५

दरीच्या वरच्या साम्रद गावात लावा, बिनधास्त. पाच वेळा गेलोय, गाडीला कधी कोणी हात लावला नाही. कोणाच्याही अंगणात विचारून लावायची, जेवण त्यांच्याचकडे सांगायचं, झालं. फक्त शेंडीच्या पुढे नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते, माणशी आणि गाडीची वेगळी, ती शेवटपर्यंत जपून ठेवा.

निशाचर_पुणे
१९ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

आम्ही पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर करत येतो. माझं मत विचाराल तर गावात तंबू टाकण्यात मजा नाही, खरी रात्र दरीत काढायची. दरी उतरून खाली गेलं की मोकळी सपाट जागा मिळते, बाजूला पाणी असतं, वर बघाल तर दोन्ही बाजूंच्या कड्यांच्या मधे आभाळाची एक पट्टी. तसा मुक्काम मी दुसरा कुठेही केलेला नाही. सकाळी उठून करोली घाटाच्या पायवाटेने परत साम्रदला चढायचं, म्हणजे गाडीचाही प्रश्न मिटतो.

कातळ
१९ नोव्हेंबर, दुपारी १.१५

मैत्रेयीताई, तुम्ही प्रश्न बरोबर जागी विचारलाय. सांदणला गाडीचं ठरलं की ट्रेक आपोआप ठरतो, आणि बहुतेक लोक उलटं करतात. आधी ट्रेक ठरवतात मग गाडी कुठे ठेवायची ते तिथे गेल्यावर बघू म्हणतात, आणि मग रविवारी संध्याकाळी डेहण्याला सहा दमलेली माणसं बसलेली असतात आणि गाडी वर साम्रदला. डेहणे कोकणात, शहापूर तालुक्यात, आणि साम्रद घाटावर, अकोले तालुक्यात. नकाशात बघितलं तर बोटभर अंतर वाटतं, पण रस्त्याने जायचं तर डेहण्याहून आसनगाव, तिथून कसारा, इगतपुरी, घोटी, शेंडी आणि मग साम्रद असा सगळा डोंगराला वळसा आहे, सव्वाशे-दीडशे किलोमीटर सहज होतात.

त्यामुळे तीनच प्रकार आहेत. एक, दरीत पहिल्या रॅपलच्या, म्हणजे दोराने कडा उतरायच्या जागेच्या, टोकापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत. गाडी साम्रदला, काही भानगड नाही. दोन, दोराने पूर्ण उतरायचं, खाली मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी करोली घाट चढून साम्रद. पहिलं रॅपल साधारण ४५ फुटांचं, पुढे अजून लहान टप्पे आहेत, सगळ्यांना हार्नेस, हेल्मेट आणि दोर हाताळणारी जाणती माणसं बरोबर हवीत. घाट चढायला पाठीवर ओझं असताना निवांत चार तास धरा. तीन, उतरून डेहण्याला जायचं, तिथून जीपने आसनगाव आणि लोकल. हा प्रकार गाडी न आणणाऱ्यांसाठी आहे, कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप ठरवून साम्रदला सोडायला सांगायचं.

तुमच्याबरोबर चौदा वर्षांची मुलगी आणि चौसष्टचे गृहस्थ आहेत, आणि दोराची माहिती असलेलं कोणी आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही, तर माझ्या मते पहिलाच प्रकार. त्याने काही कमी बघायला मिळत नाही. दरीचा सगळ्यात अरुंद भाग, दोन्ही पाण्याचे टप्पे, ते घरांएवढे धोंडे, सगळं रॅपलच्या आधीच येतं. डिसेंबरात पहिल्या पाण्यात गुडघाभर आणि दुसऱ्यात कंबरेपर्यंत किंवा थोडं वर भिजाल, तळाशी ऊन पोचत नाही त्यामुळे पाणी बर्फासारखं असतं, फेब्रुवारीनंतर ते ओसरतं. बाण सुळका आणि रतनगडाचा खुट्टा हा सुळका तर साम्रदच्या पठारावरूनच दिसतात.

आता गाड्यांचं. सहा जण आहात आणि सात सीटर आहे, मग एकच न्या. शेंडी ते साम्रद साधारण पंचवीस किलोमीटर, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर करत रस्ता जातो, अरुंद आहे, समोरून एसटी आली की एकाला मागे जावंच लागतं, अशा वेळी मागे आपलीच दुसरी गाडी उभी असली की पंचाईत होते. आणि शुक्रवारी रात्री अकरा-बाराला पोचायचा विचार सोडूनच द्या. भंडारदरा धरणाच्या कडेने थंडीत धुकं उतरतं, वळणावर रस्ता कुठे संपतो आणि जलाशयाची बाजू कुठे सुरू होते ते हेडलाइटमध्ये कळत नाही. उशीर झालाच तर शेंडीतच थांबा, तिथे राहायची सोय आहे, पहाटे निघालात तरी तासाभरात साम्रद.

दरीच्या तोंडापाशी गाडी नेऊ नका. गावापासून तोंडापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मधे शेतं आहेत, कच्च्या वाटेवर लोक गाड्या घालतात आणि बांध तुडवतात. गावातच ठेवा. लावतानाच गाडीचं तोंड रस्त्याकडे करा, शक्यतो उताराकडे, फर्स्ट गिअर टाकून चाकाखाली दगड द्या. हँडब्रेकवर एकट्यावर विसंबू नका. पेट्रोल-डिझेल घोटीलाच भरून घ्या. आणि गावात रेंजचा भरवसा नाही, कोणाला काही कळवायचं असेल तर शेंडीतूनच कळवा.

पियू_के
१९ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

कातळदादा फार छान लिहिलंत, हे सेव्ह करून ठेवतेय. एक शंका, आम्ही दोघी बाइकवर जाणार आहोत, ठाण्याहून. समृद्धीने गेलं तर कसारा घाट टळेल ना?

कातळ
१९ नोव्हेंबर, दुपारी ३.५८

समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ ला सुरू झाल्यापासून चारचाकीवाल्यांना कसारा घाट टाळता येतो हे खरंय, तुम्हाला मात्र जुना नाशिक हायवेच. घोटीत चहा घ्या आणि बारीमार्गे शेंडी गाठा. बाइक असली तरी उजेडात पोचायचा नियम तोच.

अकोलेकर_भाऊ
१९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मी त्याच भागातला, आता कामाला सिन्नरला असतो. माझी आत्या साम्रदच्या जवळच्याच गावात दिलेली आहे म्हणून लहानपण तिकडं भरपूर गेलंय. वरची चर्चा वाचली, एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून मी लिहितो, जरा मोठं होईल.

"कोणाच्याही अंगणात लावा" असं रानोमाळ यांनी लिहिलंय. चूक नाही त्यांची, पण अंगण आणि खळं यातला फरक शहरातल्या माणसाला रात्री कळत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे आमच्याकडं भात कापून झोडायचे दिवस. त्याआधी घरची बाई खळं करते. जागा चोपून, धोपटून सपाट करायची, मग शेण आणि पाणी कालवून हातानं सारवायचं, वाळलं की परत एक हात द्यायचा, दोन-तीन दिवस त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, कोंबडी आली तरी हाकलायची. का, तर त्यावर पडलेला दाणा न् दाणा खराट्यानं गोळा करायचा असतो, भेग राहिली तर भात मातीत जातो आणि मातीचे खडे तांदळात येतात.

चार वर्षांपूर्वी आत्याच्या शेजारच्या घरी असं झालं, मी तिथंच होतो. रात्री साडेअकराला तीन गाड्या आल्या. त्यांना सपाट, स्वच्छ, झाडलेली जागा दिसली, त्यांनी तिथं गाड्या लावल्या, बाजूला तंबू ठोकले. खुंट्या खळ्यातच मारल्या. लोक वाईट नव्हते, शिकलेले होते, त्यांनी कोणाला झोपेतून उठवायला नको म्हणून विचारलं नाही, असं ते सकाळी म्हणाले. सकाळी वहिनी बाहेर आल्या, त्यांनी चाकाच्या खुणा बघितल्या, ओलसर सारवण टायरला चिकटून उचकटलं होतं, खुंट्यांची भोकं होती. त्या काही बोलल्या नाहीत. चूल पेटवली, त्या लोकांनी चहा मागितला तो करून दिला. त्यांनी चहाचे पैसे विचारून दिले आणि दरीला गेले. दुपारी वहिनी परत शेण गोळा करायला निघाल्या तेव्हा मी बघितलं, डोळ्यांत पाणी होतं, कारण भात कापून शेतात पडलेला होता आणि आभाळ आलं होतं.

गाडी लावायला कोणाची ना नाही. पर्यटक आले म्हणून चार पैसे येतात, पोरं वाटाडे होतात, तंबू भाड्यानं देतात, आधी मे महिन्यात काजवे बघायला माणसं येतात हे कोणाला माहीत होतं? पण दिवसा या आणि विचारून लावा. उठवलं तरी कोणी रागावणार नाही, न विचारता लावलेली मात्र लागते मनाला.

दुसरं, पेंढा. घराशेजारी पेंढ्याची गंजी असते आणि आजूबाजूला वाळका पेंढा पसरलेला असतो. घाट चढून आलेल्या गाडीचा सायलेन्सर चांगलाच तापलेला असतो. गाडी पेंढ्यावर उभी करू नका. एक ठिणगी पुरे आहे, वर्षभराचा गुरांचा चारा आणि शेजारी राहतं घर.

तिसरं पाणी. लोकांना वाटतं घाटघरला एवढा पाऊस, इथं पाण्याला काय तोटा. पण सगळा कातळ आहे, पाणी खाली कोकणात उतरून जातं. मार्च उजाडला की बायकांच्या डोक्यावर हंडे आलेच. प्यायचं पाणी गाडीत भरून आणा, माणशी पाच लिटर तरी. डिसेंबरात अडचण नसते, पण विहिरीवर हातपाय धुऊ नका.

मैत्रेयी_डों
१९ नोव्हेंबर, रात्री १०.३०

भाऊ, तुमचं वाचून घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे मूळचे मुरबाडकडचे, ते म्हणाले आमच्याकडेही असंच खळं करायचे, आई आम्हाला त्यावर खेळूही द्यायची नाही. शुक्रवार रात्र रद्द. शनिवारी पहाटे निघतोय, एकच गाडी.

रानोमाळ
१९ नोव्हेंबर, रात्री १०.४४

अकोलेकर भाऊ, मनापासून आभार. पाच वेळा गेलो पण दर वेळी फेब्रुवारीत, त्यामुळे खळ्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या प्रतिसादात "बिनधास्त" लिहिलंय ते मागे घेतो.

निशाचर_पुणे
२० नोव्हेंबर, सकाळी ७.५५

खळ्याचं मलाही नवीन, लक्षात ठेवीन. पण दरीतल्या मुक्कामाबद्दल मी माझ्या मतावर आहे. तयारीचे लोक असतील, दोर असेल, वाटाड्या असेल तर तो अनुभव सोडू नये. गावातला तंबू म्हणजे कुत्र्यांचं भुंकणं आणि शेजारच्या ग्रुपचा स्पीकर.

कातळ
२० नोव्हेंबर, सकाळी ११.१०

स्पीकरबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, १९८६ सालापासून, आणि अभयारण्यात स्पीकर लावणाऱ्याला मी जाऊन बंद करायला सांगतो, वाईट वाटलं तरी चालेल.

पण दरीच्या मुक्कामावर एक लिहायलाच हवं, कारण धागा नवीन लोक वाचतात. सांदण ही मुळात पाण्याची वाट आहे. वरच्या पठारावर पडलेला पाऊस त्या फटीतून कोकणात उतरतो, म्हणून तर पावसाळ्यात तिथे पाय ठेवायचा नसतो. दरीत बसलेल्या माणसाला फक्त आभाळाची पट्टी दिसते, निशाचर यांनीच लिहिलंय तसं. म्हणजे रतनगडावर ढग दाटलेत की नाही हे त्याला कळतच नाही. डिसेंबरात सहसा धोका नाही, पण एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस आणि अलीकडे तर नोव्हेंबरातही अवकाळी. मी एकदा एप्रिलमध्ये खाली होतो, आमच्यावर थेंबही नव्हता, आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला कोरड्या धोंड्यांमधून आधी पाचोळा वाहत आला, त्याच्या मागून गढूळ पाण्याची चार बोटं जाडीची धार. अर्ध्या तासात थांबली. आम्ही वरच्या अंगाला होतो म्हणून काही झालं नाही, पण बरोबरच्या वाटाड्याचा चेहरा मला आजही आठवतो. त्याने एक शब्द न बोलता सगळ्यांच्या सॅक उचलून वर फेकायला सुरुवात केली होती.

खाली मुक्काम करायचाच असेल तर वनखात्याला विचारून, गावचा वाटाड्या घेऊन, पाण्याच्या रेषेपासून चांगलं वर, आणि हवामान बघून. शेकोटी नको. कड्यांना आग्या मोहोळं लागलेली असतात, धूर वर गेला की ती उठतात आणि दरीत पळायला जागा नाही. सेंट-डिओ पण लावू नका.

गौरी_नाशिक
२० नोव्हेंबर, दुपारी २.०५

बायकांसाठी एक लिहिते कारण सगळे पुरुष हे सोडून देतात. साम्रदमध्ये आता बऱ्याच घरी संडास आहेत, जिथे जेवण सांगाल तिथेच स्पष्ट विचारा, वापराचे पैसे वेगळे द्या आणि पाणी कमी वापरा, ते कोणीतरी भरून आणलेलं असतं. उघड्यावर जायची वेळ आलीच तर ओढ्याकडे जाऊ नका, दरीच्या वाटेकडे तर अजिबातच नको, तेच पाणी पुढे लोकांच्या अंगावर येतं. एक छोटं खुरपं बरोबर ठेवा, वीतभर खड्डा करून बुजवा. पॅड आणि वाइप्स पिशवीत बांधून घरी आणायचे. पाळीचे दिवस असतील तर दुसऱ्या पाण्याच्या टप्प्यात भिजायचं आहे हे धरून तयारी ठेवा.

तंबूबद्दल: दव भयंकर पडतं. बाहेरचं कव्हर नीट ताणलं नाही तर पहाटे आतून टपटप सुरू होते. बूट, सॅक काहीही बाहेर ठेवू नका, एक तर ओलं होतं आणि कुत्री बूट ओढून नेतात. खायचं सामान गाडीत, काचा बंद. बिबट्याचा वावर आहे त्या भागात, रात्री एकटं लांब जाऊ नका.

अकोलेकर_भाऊ
२० नोव्हेंबर, रात्री ८.१५

गौरीताईंनी चांगलं लिहिलं. अजून एक, शेळ्या. सकाळी शेळ्या सोडल्या की त्या बॉनेटवर चढतात, ऊन खायला गरम पत्रा त्यांना आवडतो. गाडीवर एखादं जाड कापड टाकून ठेवा, शेळी हाकलायला काठी घेऊ नका. आणि जमलं तर कोणाकडून थोडा तांदूळ विकत घ्या. काळभात, जिरवेल अजून काही घरी लावतात. बीजमाता राहीबाई पोपेरे आमच्याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. चार किलो तांदूळ नेलात तर दोन दिवसांच्या पार्किंगपेक्षा जास्त पैसे त्या घरात राहतात.

मैत्रेयी_डों
१६ डिसेंबर, रात्री ९.२०

मंडळी, जाऊन आलो! वृत्तांत लिहिते म्हटलं होतं, थोडा लांबेल.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो, समृद्धीने इगतपुरी, घोटीला डिझेल आणि मिसळ, नऊला शेंडी. उजेड हाताशी होता म्हणून आधी कोलटेंभ्याच्या बाजूने रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघितलं, मग तिथूनच साम्रदला गेलो. दुपारी एकला पोचलो. पहिल्याच घरापाशी गाडी रस्त्यावर उभी करून मी आणि सासरे उतरलो आणि विचारायला गेलो. मामा म्हणाले लावा की, पण इकडे नको, तिकडे आंब्याखाली लावा. इकडे म्हणजे जिथे मी स्वतः लावली असती तिथेच खळं होतं. भर दुपारीसुद्धा मला ते नुसतं सारवलेलं अंगण वाटलं, रात्री तर काहीच कळलं नसतं. मावशींना मी सांगितलं की मला हे बघायचं होतं, तर त्यांनी माझा हात धरून त्यावर फिरवला. थंड, गुळगुळीत, आणि बारकाईने बघितलं तर बोटांचे अर्धगोल उठलेले, एकाला लागून एक, अख्ख्या खळ्यावर. दोन दिवस लागले म्हणाल्या. परवा झोडणार होते.

तंबू त्यांच्याच नाचणी काढलेल्या वावरात टाकले. गाडीचं तोंड रस्त्याकडे, उताराला, चाकाखाली दगड, सगळं कातळदादांनी सांगितलं तसं. त्याचं महत्त्व पुढे कळलं, लिहिते.

संध्याकाळी सहाला पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा आणि त्यांच्या घरचा भात. सातनंतर थंडी अशी पडली की पुतणीने सगळे कपडे एकावर एक चढवले. पण रात्री दहाला नवऱ्याने सगळ्यांना बाहेर बोलावलं, १३-१४ डिसेंबर म्हणजे मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची रात्र, हे त्याने घरी आधीच बघून ठेवलं होतं पण कोणाला सांगितलं नव्हतं. चटया टाकून पडलो. चंद्र उशिरा उगवणार होता त्यामुळे आभाळ काळं कुळकुळीत. पुतणीने मोजल्या, तासाभरात एकतीस. एक रतनगडाच्या डोक्यावरून इतकी मोठी गेली की मामांचं कुत्रं पण उठून उभं राहिलं. मामा पण घोंगडी घेऊन येऊन बसले आमच्यात. शुक्रवारी रात्री आलो असतो तर हे काहीच झालं नसतं, थकून झोपलो असतो.

रविवारी साडेसातला मामांचा मुलगा वाटाड्या म्हणून आला आणि निघालो. पहिल्या पाण्यात गुडघ्यापर्यंत, दुसऱ्यात माझ्या कमरेच्या वर. पायातून कळ निघाली. सासऱ्यांनी दोन्ही हात वर करून पाणी पार केलं आणि पलीकडे जाऊन पुतणीची सॅक घेतली. धोंड्यांवर त्यांचा वेग आमच्यापेक्षा कमी होता पण एकदाही घसरले नाहीत, मीच दोनदा बसले. रॅपलच्या टोकापाशी अर्धा तास बसलो, खाली कोकण दिसतं, आणि तिथे कळलं की कातळदादांनी पहिला प्रकार का सांगितला, कारण परतायलाही आम्हाला जायला लागला तेवढाच वेळ लागला. दीडला गावात.

आणि गाडी सुरू होईना. रात्री डिकी पूर्ण लागली नव्हती, आतला दिवा रात्रभर आणि सकाळभर चालू, बॅटरी बसली. रेंज नाही, मेकॅनिक घोटीला. दिरांचा चेहरा उतरला. मामांनी बघितलं आणि म्हणाले, तोंड उताराला आहे ना, मग कशाला काळजी करता. शेजारची चार पोरं आली, दगड काढले, सेकंड गिअरला टाकून ढकलली, वीस पावलांत सुरू झाली. गाडीचं तोंड घराकडे असतं तर जीप शोधून वायर लावेपर्यंत रात्र झाली असती. तेव्हा माझ्याकडून एवढंच, निघताना डिकी दाबून बघा, आणि जम्पर केबल गाडीत ठेवा.

भाऊ, तुमच्या सांगण्यावरून पाच किलो जिरवेल आणला. आज खिचडी केली, वास खालच्या मजल्यापर्यंत गेला. मावशींनी वर मूठभर काळभाताचं बी पण दिलंय, सासरे मुरबाडच्या शेतात लावणार म्हणतायत.

अकोलेकर_भाऊ
१६ डिसेंबर, रात्री १०.०१

ताई, वाचून फार बरं वाटलं. खळ्यावर हात फिरवलात ते आत्याला फोनवर सांगितलं मी. काळभाताचं बी जूनमध्ये पहिल्या पावसावर राबात, म्हणजे रोपांसाठी भाजून ठेवलेल्या तुकड्यात, टाका आणि लावणी चिखलात करा. पहिल्या वर्षी सगळं खाऊ नका, बियाण्याला वेगळं काढून ठेवा.

निशाचर_पुणे
१७ डिसेंबर, सकाळी ८.४०

मस्त वृत्तांत. गावातल्या तंबूतून उल्का बघायच्या हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, दरीतून एवढं आभाळ दिसलंच नसतं.

पियू_के
१७ डिसेंबर, सकाळी ९.१२

मैत्रेयीताई, आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय. तुमच्या त्या मामांचा नंबर मिळेल का?

मैत्रेयी_डों
१७ डिसेंबर, सकाळी ९.४५

पियू, त्यांना न विचारता नंबर इथे देत नाही. पण गावात शिरल्यावर आंब्याखाली लावायचं आहे एवढं म्हणालीस तरी कोणीही दाखवेल. झोडणी झाली असेल तोपर्यंत, पण तरी बाइक रस्त्यावरच उभी करून आधी विचारायला जा. आणि त्यांच्या कुत्र्यासाठी बिस्किटं ने, आमच्या तंबूबाहेर रात्रभर बसून होतं.